आलेखावरील अंकनिर्देश

हजेरीपटातील अंक आलेखात मांडले म्हणजे उपस्थितीतील चढउतार एका दृष्टिक्षेपात ध्यानी येतो. परंतु स्तंभ उभे केले म्हणजे आलेख पुरा झाला, असे नव्हे. स्तंभाचे मूल्य जाणण्यासाठी वाचकास बाजूच्या अक्षाकडे नजर न्यावी लागते, मनाने आडवी रेघ ओढावी लागते आणि अखेर अंदाजच करावा लागतो. अशा अंदाजात एकदोहोंचा फरक सहज पडतो. लहान शाळेत एकदोहोंचा फरक म्हणजे एकदोन मुले होत. म्हणून प्रत्येक स्तंभालगत त्याचे मूल्य लिहिणे इष्ट असते. ह्या लिहिलेल्या मूल्यास संगणकाच्या परिभाषेत 'डेटा लेबल' म्हणतात. मराठीत त्यास 'अंकनिर्देश' म्हणता येईल.

आकृतीवरच मजकूर लिहिण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली लंडन येथे व्यापारविषयक आलेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात आयात व निर्यात दाखविणाऱ्या रेषांची नावे त्या रेषांलगतच लिहिलेली आढळतात. आज आलेख संकेतस्थळांवर काढले जातात आणि त्यासाठी तयार आज्ञावलींचे संच मिळतात. २००९ साली नॉर्वेत निघालेला 'हायचार्ट्स' आणि २०१३ साली निघालेला 'चार्ट जेएस' हे त्यांपैकी दोन होत. ह्या दोहोंतही अंकनिर्देश आपोआप उमटत नाहीत. हायचार्ट्समध्ये ते मुद्दाम चालू करावे लागतात. चार्ट जेएसला 'डेटालेबल्स' नावाचे स्वतंत्र प्लगइन जोडून त्याची आज्ञावलीत नोंद करावी लागते. त्यानंतर पुढील बाबी ठरवावयाच्या असतात.

१. अंकाची जागा

डेटालेबल्स प्लगइनमध्ये जागा दोन सूचनांनी ठरते. 'अँकर' ही सूचना स्तंभाचा आरंभ, मध्य अथवा शेवट ह्यांपैकी कोणत्या बिंदूशी अंक बांधावयाचा, हे सांगते. 'अलाइन' ही सूचना त्या बिंदूपासून अंक कोणत्या दिशेस सरकावयाचा, हे सांगते. काहीच न सांगितल्यास अंक स्तंभाच्या मध्यावर येतो. उभ्या स्तंभाच्या बाबतीत दोन्ही सूचना 'एंड' अशा दिल्यास अंक स्तंभाच्या माथ्यावर बसतो. अँकर 'एंड' आणि अलाइन 'स्टार्ट' असे दिल्यास तो माथ्याच्या आतील बाजूस येतो. अंक माथ्यावर ठेवल्यास सर्वांत उंच स्तंभाच्या वर मोकळी जागा राखावी; नाहीतर चौकटीच्या कडेशी अंक कापला जातो. अंक स्तंभाच्या आत ठेवल्यास गडद स्तंभावर पांढरा व फिक्या स्तंभावर काळा अंक घ्यावा.

२. अंकाचे रूप

'फॉर्मॅटर' ह्या सूचनेने अंक कसा लिहावयाचा ते ठरते. संगणकास मराठी भाषा व भारत देश दर्शविणारा संकेत देऊन अंक लिहावयास सांगितले, तर तो देवनागरी अंक वापरतो व लाख-कोटींच्या रीतीने स्वल्पविराम देतो, उदाहरणार्थ, १,२३,४५६.

टक्केवारी दाखविताना अधिक सावध राहावे. २४ पैकी १८ मुले उपस्थित असली तरी ७५ टक्के आणि ४ पैकी ३ उपस्थित असली तरी ७५ टक्केच. दोन्ही स्तंभ सारखेच उंच दिसतात. परंतु पहिल्या वर्गात ६ मुले गैरहजर आहेत, दुसऱ्यात एकच. म्हणून केवळ '७५ टक्के' असे न लिहिता '२४ पैकी १८' असे लिहावे. फॉर्मॅटरने अंकनिर्देश दोन ओळींत देता येतो: वर टक्केवारी, खाली मूळ संख्या. अपूर्णांक गाळल्याने बेरीजही चुकलेली दिसू शकते. तीन समान भागांवर ३३, ३३ व ३३ असे लिहिल्यास बेरीज ९९ होते. अशा वेळी आलेखाखाली त्याचा खुलासा द्यावा.

३. लपविला गेलेला अंक

ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. दोन अंक एकमेकांवर येऊ लागले, तर हायचार्ट्स मूळ योजनेनुसार त्यांतील एक लपवितो. डेटालेबल्स प्लगइनमध्येही 'डिस्प्ले' ह्या सूचनेस 'ऑटो' हे मूल्य दिल्यास तसेच घडते. आलेख नीटनेटका दिसतो. पण अंक गळाल्याची कोणतीही खूण त्यावर राहत नाही.

समजा, एका शाळेत गावठाणातील ४६ व पाड्यावरील ४ मुले आहेत. एके दिवशी गावठाणातील ४१ आणि पाड्यावरील १ मूल उपस्थित आहे. सबंध शाळेची उपस्थिती ५० पैकी ४२, म्हणजे ८४ टक्के भरते व ती समाधानकारक वाटते. दोन्ही वस्त्या एकाच स्तंभात एकावर एक दाखविल्यास पाड्याचा भाग रेघेएवढाच बारीक होतो. त्या रेघेवरील अंक लपला, तर पाड्यावरील ४ पैकी ३ मुले शाळेत आली नाहीत, ही गोष्ट ग्रामसभेपुढे येतच नाही. ओढ्याला पाणी आले असेल, घरी आजार असेल, आईबाप कामासाठी परगावी गेले असतील; कारण कोणतेही असो, विचारपूस व्हावयाची ती ह्याच तीन मुलांची.

ह्यावर उपाय सोपे आहेत. वस्तीनिहाय निरनिराळे स्तंभ काढावेत. नावे लांब असल्यास स्तंभ आडवे घ्यावेत. म्हणजे प्रत्येक अंकास स्वतंत्र ओळ मिळते. स्तंभ फार झाल्यास एकाचे दोन आलेख करावेत. आलेख तयार झाल्यावर स्तंभ किती व अंक किती, हे मोजून पाहावे. तसेच आलेख मोबाईलच्या अरुंद पडद्यावरही पाहावा. कारण मोठ्या पडद्यावर दिसणारे अंक तेथे एकमेकांवर येऊ शकतात.

४. शून्य आणि रिक्त नोंद

एकही मूल आले नाही, तर मूल्य शून्य. त्या दिवशी हजेरीच घेतली गेली नाही, तर मूल्य रिक्त. ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. रिक्त नोंदीच्या जागी शून्य घातल्यास आलेख असत्य सांगू लागतो. शून्याचा स्तंभ दिसत नाही, म्हणून तेथे '०' हा अंक अवश्य उमटवावा. रिक्त नोंद रिक्तच ठेवावी व तळाशी 'नोंद नाही' असे लिहावे.

५. सोबतचा तक्ता

चार्ट जेएस संपूर्ण आलेख चित्ररूपाने रंगवितो. त्यामुळे अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस त्यातील अंक सापडत नाहीत. आलेखाखाली तेच अंक साध्या तक्त्यात दिल्यास ही उणीव भरून निघते. शिवाय मूळ नोंदीशी ताळा घेणेही सुलभ होते.

हा अभ्यास संगणकावाचूनही करविता येतो. तिसरी-चौथीच्या मुलांकडून आठवड्याच्या हजेरीचा स्तंभालेख फळ्यावर काढवावा. प्रथम अंकांवाचून तो वाचावयास सांगावे, नंतर प्रत्येक स्तंभावर अंक लिहवावेत. दोन्ही वेळच्या उत्तरांत पडणारा फरक पाहून अंकनिर्देशाचे प्रयोजन मुलांना निराळे सांगावे लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावयाचा आलेखही शिक्षकांनी ह्याच रीतीने पारखावा आणि सर्वांत लहान स्तंभावरील अंक सर्वांत आधी तपासावा.