इंटरसेप्टर (जॅक्स-आरएस)
इंटरसेप्टर हा जावा वेबसेवांमध्ये संदेशातील मजकुराच्या वाचन-लेखनात मध्यस्थी करणारा घटक होय. जॅक्स-आरएस २.० या २०१३ सालच्या प्रमाणकात फिल्टरसह त्याचा समावेश झाला.

रायटर-इंटरसेप्टरमधून एचटीटीपी हेडर जोडता येतो. मात्र तो ‘प्रोसीड’ मेथडला पाचारण करण्यापूर्वी जोडणे आवश्यक असते. मजकुराचे लेखन सुरू झाल्यावर हेडर आधीच रवाना झालेले असू शकतात.

संदेशात मजकूर नसल्यास इंटरसेप्टर कार्यान्वित होत नाही. त्यामुळे मजकूररहित ‘गेट’ विनंतीत ‘ऑथरायझेशन’ हेडर जोडण्याचे काम त्याच्यावर सोपविल्यास तो हेडर जातच नाही आणि सर्व्हर ४०१ हा संकेत देऊन विनंती नाकारू शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीस आवश्यक असलेला हेडर क्लायंट-रिक्वेस्ट-फिल्टरमध्ये जोडतात. मजकुराचे जीझिप पद्धतीने संक्षेपण करून ‘कंटेंट-एन्कोडिंग’ हेडर देणे, हे इंटरसेप्टरचे उचित कार्यक्षेत्र होय.