हिरवा मोठा की मोठा हिरवा?

साधारण सात वर्षांचे असताना लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी एका ड्रॅगनची गोष्ट लिहायला घेतली. आईनं ड्रॅगनबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच सांगितलं, की ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ असं म्हणत नाहीत, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणायचं. पण का? टॉल्किन पुढे ऑक्सफर्डमध्ये भाषेचे प्राध्यापक झाले. तरी १९५५ साली कवी ऑडन यांना पत्र लिहिताना त्यांनी सांगून टाकलं, की हे कोडं आपल्याला अजून सुटलेलं नाही.

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत विशेषणांच्या या क्रमाचा तक्ता असतो: आधी आपलं मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय आणि शेवटी उपयोग. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला मात्र तो पाठ करावा लागत नाही. क्रम चुकला की कानाला खटकतं.

२०१७ साली ग्रेगरी स्काँट्रास, ज्युडिथ डेगन आणि नोआ गुडमन या संशोधकांनी यामागचं कारण मांडलं, आणि ते मला फार पटतं. त्यांनी २६ विशेषणं निवडली आणि इंग्रजी भाषकांना विचारलं: एक माणूस म्हणतो ही वस्तू अमुक आहे, दुसरा म्हणतो नाही, दोघंही बरोबर असू शकतात का? ज्या विशेषणावर असा मतभेद खपून जातो, ते नामापासून लांब बसतं. ज्यावर फारसा वाद होत नाही, ते नामाला चिकटतं.

स्वयंपाकघरातली ‘मोठी काळी लोखंडी कढई’ घ्या. मोठी? चार माणसांच्या घरात मोठी, लग्नाच्या आचाऱ्याला चिमुकली. काळी? की करडी? इथे थोडी घासाघीस होईल. लोखंडी आहे की नाही, याचा निकाल मात्र लोहचुंबक लावला की लागतो. आता ‘लोखंडी काळी मोठी कढई’ म्हणून बघा. मराठीत ते अगदीच अशक्य नाही, पण जीभ अडखळते. तक्ता इंग्रजीचा असला, तरी ही ओढ आपल्याही तोंडात आहे.

याचा फायदा ऐकणाऱ्याला होतो. मांडणीवरच्या भांड्यांतून आधी लोखंडी कढया वेगळ्या काढल्या, त्यातल्या काळ्या निवडल्या, की त्यांतली मोठी कोणती हे ठरवायला दोन-तीनच उरतात. वादाचा शब्द शेवटी लागू झाला, तर चुकीची कढई हातात येण्याचा धोका कमी. हिब्रूत विशेषणं नामाच्या मागून येतात. तिथे क्रम आरशातल्यासारखा उलटतो: आधी वस्तू, मग रंग, मग आकारमान. म्हणजे आधी-नंतर हा खरा मुद्दाच नव्हे. नामापासूनचं अंतर महत्त्वाचं.

म्हणूनच ‘ग्रेट डेन’ या कुत्र्याचा रंग सांगताना इंग्रज ‘ब्लॅक ग्रेट डेन’ म्हणतो, ‘ग्रेट ब्लॅक डेन’ नाही. तिथला ‘ग्रेट’ आकारमान सांगत नाही, तो जातीच्या नावाचा तुकडा आहे. छोट्या टॉल्किनच्या मनात ‘ग्रेट ड्रॅगन’ ही ड्रॅगनांची एक जातच असेल, तर त्यातला हिरवा तो ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’च.