खापरपणजोबांचे नाव काय?

आजोबांचे नाव आपण झटकन सांगतो, पणजोबांचे थोडे आठवून सांगतो. पण खापरपणजोबांचे विचारले, की घरातली सगळी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. गाईची तीन वेतांची हकीकत तोंडपाठ असलेल्या घरातही हेच!

एरवी हा हौसेचा विषय म्हणून सोडून दिला असता. पण भोसरी-चिंचवडपासून चाकण-म्हाळुंग्यापर्यंतच्या आपल्या पट्ट्यात तो पैशाचा आणि भाऊबंदकीचा विषय होऊन बसला आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे एकेक शिवार संपादनात गेले. नोटीस येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ते नाव केव्हाच वारलेल्या आजोबांचे असले, किंवा एकट्या थोरल्या चुलत्याचे असले, तर मोबदला अडकतो आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासाठी धावपळ सुरू होते. घाईत केलेल्या वंशावळीत कोणीतरी सुटतेच. बहुधा बहीण सुटते.

तेव्हा हे काम निवांतपणी करावे. आरंभ घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापासून करा, आणि शक्य तर ती आजी असू द्या. पुरुष जमिनीचे सांगतात. बायका मात्र कोणाची कोणत्या गावाला सोयरीक झाली, कोणते मूल अंगावरचे गेले, कोण दत्तक गेला, हे बरोबर सांगतात.

मग कागद. आजचा सातबारा हातात घ्या. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा दिसेल, तो फेरफाराचा नंबर. त्या नंबराची नक्कल मागा. वारसाचा फेरफार असेल तर त्यात कोण मयत, केव्हा मयत, मागे कोण वारस, हे सारे लिहिलेले असते. त्यावरून त्याच्या आधीचा फेरफार शोधायचा. विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसे एकेक पायरी खाली जायचे, उडी मारायची नाही. चाकणकडच्या गावांत आज गट नंबर आहेत, जुन्या कागदात सर्व्हे नंबर सापडतील. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याने झालेला हा बदल आहे. दोहोंची सांगड भूमी अभिलेख कचेरीतल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून लागते.

जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘सखाराम बिन राणोजी’ म्हणजे राणोजीचा मुलगा सखाराम, ‘वलद’चा अर्थही तोच. ‘कोम’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या आईचे किंवा चुलत्याचे नाव लागलेले असते. आणि ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे दिसली तर तिथे थांबा. ती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची खूण आहे. नाव एकाचे असले तरी जमीन सर्वांची. या तीन अक्षरांकडे डोळेझाक केल्याने किती घरांतले बोलणे बंद झाले, ते गावोगाव फिरताना मी पाहिले आहे.

नावाच्या सारखेपणाने मात्र फसू नका. याचा दाखला शेजारी देहूलाच आहे. तुकोबांचे आडनाव अंबिले, कूळ मोरे. परंपरेने सांगितली जाणारी त्यांची वंशावळ अशी: विश्वंभर, हरी, विठ्ठल, पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा आणि तुकोबा. तुकोबांच्या धाकट्या भावाचे नाव पुन्हा कान्होबाच, म्हणजे आजोबांचे! ही रीत आपल्याकडेही आहे, म्हणून एका घराण्यात दोन-तीन सखाराम निघतात. बापाचे नाव, जमिनीचा नंबर आणि साल, तिन्ही जुळली तरच माणूस तोच समजावा.

जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी या वह्या राज्यभर उघडल्या गेल्या. शाळेचे जनरल रजिस्टरही विसरू नका.

आणखी एक ठिकाण म्हणजे नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आपले गाव, आडनाव, जात सांगितली की त्या गावचे उपाध्याय कोण ते कळते. पूर्वज तिथे गेले असतील तर सोबत कोण होते, घरी भाऊ-मुले कोण, याची नोंद सापडण्याचा संभव असतो. जुना मजकूर बहुधा मोडीत असतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुन्या कागदांचेच काम करीत आले आहे. मोडीच्या जाणकाराची चौकशी तिथे करावी. पेशवे दफ्तराकडे मात्र एकदम धाव घेऊ नये. ते मोडीतले अफाट भांडार आहे. गाव, परगणा आणि वतनाची माहिती हाताशी असल्याखेरीज तिथे काही लागायचे नाही.

आता लेकींविषयी. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणे निराळे आणि वंशावळीतून नावच गाळणे निराळे. बहिणीने हक्क सोडायचा की नाही ते तिचे ती ठरवील. तिची फांदी कागदावर काढायलाच हवी, सासरच्या गावासकट.

घरात कोणी वारले तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. शोधासाठी शंभर पानी वही करा आणि प्रत्येक नावापुढे फेरफाराचा नंबर, साल आणि कोणत्या कचेरीत पाहिले ते लिहीत चला. नक्कल मागताना तोच नंबर विचारतात.