स्वतःहून थांबणारे यंत्र

मोखाडा तालुक्यात औद्योगिक चिलर शोधायला निघालात तर हाती फारसे काही लागणार नाही. पण इथली आयटीआय झालेली मुले पोटासाठी बोईसर-तारापूरला, वाड्याला, नाहीतर त्र्यंबकचा रस्ता धरून नाशिककडे जातात, आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला रात्रपाळीत चिलर सांभाळायचे काम येते. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही. यंत्रांची माहितीपुस्तके आणि सुट्टीत घरी आलेली ही मुले, एवढीच माझी शाळा. त्यांतल्या एकाचे म्हणणे होते, “काका, रिसेट मारला की चालू होतो. मग बघायचं कशाला?” या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

चिलर पाणी थंड करतो. साधारण १२ अंशांचे पाणी आत येते आणि ७ अंशांचे होऊन कारखान्यात जाते. पाण्यातली उष्णता शीतकारक वायू उचलतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो आणि बाहेरच्या कंडेन्सरच्या जाळीवर पंखे ती उष्णता हवेत सोडतात. कूलिंग टॉवरला लागणारे पाणी इथे वाचते. ज्या तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, तिथे या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मात्र सगळी भिस्त हवेवर. जाळीत धूळ-पाला अडकला, पंखा बंद पडला किंवा वैशाखाचे ऊन तापले की उष्णता बाहेर जात नाही आणि दाब चढतो. आर-१३४ए हा वायू ५० अंशांना द्रवरूप होतो तेव्हाच त्याचा दाब सुमारे १२ बार असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या पाचपट तरी. ठरलेली मर्यादा ओलांडली की हाय-प्रेशर कटआउट कॉम्प्रेसरची वीज तोडतो. बहुतेक यंत्रांत हा कटआउट आपोआप पूर्ववत होत नाही, माणसाने येऊन बटण दाबावे लागते. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे. बटणाच्या निमित्ताने कोणीतरी यंत्रापाशी यावे, जाळी बघावी, पंखे मोजावेत, हा त्यामागचा हेतू. बटण दाबून माघारी फिरणारा हात त्या हेतूलाच बगल देतो.

दुसरे टोक अधिक फसवे आहे. वायू गळाला की दाब उतरतो, बाष्पकातले तापमान शून्याखाली जाते आणि पाणी गोठू लागते. पंप थांबून प्रवाह तुटला तरी तेच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, नळी चिरते, पाणी वायूच्या वाटेत शिरते आणि कॉम्प्रेसर कामातून जातो. म्हणून कमी दाबाचा कटआउट, फ्लो स्विच आणि गोठणरोधक संवेदक असे तिघे पहाऱ्यावर असतात. थंड करणाऱ्या यंत्राने गारठ्याला भ्यावे याची गंमत वाटेल, पण आमच्या आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांना हे पाठ आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस-बीची लस एकदा गोठली की वाया गेली.

फेज गेला की मोटर जळते हे पंपवाल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चिलरमध्ये फेजचा क्रम उलटला तरी स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, म्हणून त्यासाठी निराळा रिले असतो. कधी संवेदकच खोटे बोलतो. उंदराने वायर कुरतडली की नेहमीच्या थर्मिस्टरचा रोध अनंत होतो आणि नियंत्रकाला तो कडाक्याचा गारठा वाटतो. म्हणून अशक्य आकडा दिसला की शहाणा नियंत्रक तो ‘संवेदक बिघाड’ म्हणून नोंदवतो.

जंपर टाकणे, म्हणजे कटआउटच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून पहारेकऱ्याला झोपवणे, हा प्रकार मुलांच्या बोलण्यात सहज येतो. उत्पादन अडल्यावर पर्यवेक्षकाचा फोन येतो, आणि अडीच वाजता एकट्या पोराला ‘नाही’ म्हणणे जड जाते. दोष मी त्या पोराला देणार नाही.

पण ट्रिप यंत्राला वाचवते, कारखान्याला वाचवेलच असे नाही. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत जॅक्सनविलच्या टी-टू लॅबोरेटरीजमध्ये रासायनिक अभिक्रिया आवरली नाही आणि स्फोटात ४ जण गेले. तपास यंत्रणेच्या मते थंड पाण्याची व्यवस्था बंद पडणे हे संभाव्य कारण होते, आणि तिला पर्याय नव्हता. तिथे चिलर ट्रिप झाला नव्हता, पण थंडावा तुटला की काय होते ते तिथे दिसले. जिथे थंडाव्यावर माणसांचे जीव टांगलेले आहेत, तिथे जंपरने काम भागत नाही, दुसरी तयार व्यवस्था हवी.

ट्रिपच्या आधीही यंत्र बोलत असते, पण हळू. शीतकारक द्रवरूप होण्याचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान यांतला फरक रोज ठरावीक वेळी लिहिला तर जाळी भरत चालल्याचे आधीच कळते. एका मुलाची वही मी पाहिली. फरक फेब्रुवारीत १२ होता, एप्रिलअखेर १८. त्याने सुट्टी लागायच्या आत जाळी आतून बाहेर, हवेच्या उलट दिशेने, पाण्याने धुऊन घेतली. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात १३ आहे.