बंगाली कॅम्प : सातबारा शिकलेली माणसे

चंद्रपूर शहरात मूल रोडवर ‘बंगाली कॅम्प’ म्हटले की कुणीही वाट दाखवतो. कॅम्प म्हणजे तात्पुरता मुक्काम. इथे मात्र अर्धशतक उलटूनही तेच नाव टिकून आहे. गडचिरोली जिल्ह्यात पुढे गेले की मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत विवेकानंदपूर, देशबंधुग्राम, खुदीरामपल्ली, सुभाषग्राम अशा पाट्या लागतात. मागे राहिलेल्या बंगालची आठवण या माणसांनी गावांच्या नावांत जपली.

ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हिंदू निर्वासितांची वस्ती. 1964च्या दंगलींनंतर लोंढे वाढले. रायपूरजवळचा माना कॅम्प हा अनेकांचा पहिला थांबा होता. केंद्र सरकारने 1958मध्ये सुरू केलेला दंडकारण्य प्रकल्प ओडिशातील कोरापूट आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तरमध्ये होता. महाराष्ट्रात त्या वेळच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात या कुटुंबांना जागा मिळाली. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि त्यांची बरीच गावे तिकडे गेली. नदी-खाड्यांच्या मुलखातली माणसे सागवानाच्या रानात, गोंड-माडिया शेजाऱ्यांमध्ये आली. भाताची शेती आणि तळ्यातली मासळी ही दोन्ही कौशल्ये त्यांनी सोबत आणली होती.

पण नवी जमीन कसण्याइतकेच नवे दफ्तर समजून घेणे अवघड होते. बंगालात जमिनीचा कागद म्हणजे खतियान, परचा आणि ‘दाग’ क्रमांक. इथे आल्यावर सातबारा, आठ-अ, फेरफार आणि वारसनोंद शिकावी लागली. त्यातून एक शहाणपण आले : कागद जपायचा. स्थलांतराचा दाखला, निर्वासित नोंदणीचे कार्ड, जमीनवाटपाचा आदेश हे कागद आजोबांचे असले तरी उपयोग नातवाला होतो.

कारण नागरिकत्वाचा कायदा जन्मतारखेवर चालतो. 1 जुलै 1987पूर्वी भारतात जन्मलेला सामान्यतः जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही आली. म्हणून मुलाच्या जन्मदाखल्याइतकाच आई-वडिलांचा पुरावा महत्त्वाचा. ज्यांच्याकडे तो नाही आणि जे 31 डिसेंबर 2014पर्यंत बांगलादेशातून आले, अशा हिंदूंसाठी 2019चा सुधारित कायदा आणि मार्च 2024मध्ये आलेले नियम ही वाट आहे. अर्ज भरण्यापूर्वी जाणत्या वकिलाला घरातले सगळे कागद दाखवावेत.

दुसरी अडचण नावाची. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो. त्यामुळे एकच माणूस शाळेत ‘विमल’, शिधापत्रिकेवर ‘बिमल’. एका कागदावर ‘राय’, दुसऱ्यावर ‘रॉय’. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि सातबारा समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवावे. चूक दिसली तर गरज पडण्याआधीच दुरुस्तीचा अर्ज द्यावा. घरातला कर्ता गेला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर परवानगीशिवाय जमिनीचा सौदा करू नये. विसारही घेऊ नये.

एक गाठ मात्र कुटुंबाला एकट्याने सुटणारी नाही. या वस्तीत नमःशूद्र समाज मोठा आहे. पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादी राज्यवार असते आणि ती बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्यामुळे ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. तहसीलच्या खिडकीवर वाद घालून तिचे उत्तर मिळणार नाही. ते दिल्लीतूनच आणावे लागेल.

या गावांत दुर्गापूजेचा मंडप पडतो तेव्हा सारे गाव एका जागी येते. तिथे एक टेबल कागदांसाठी मांडा. मराठी दफ्तराची भाषा कळणाऱ्या मुला-मुलींनी चार दिवस तिथे बसावे, म्हाताऱ्यांचे कागद वाचून द्यावेत, चुका टिपून घ्याव्यात. जमीन आजोबांनी कसली. तिचा कागद नीट ठेवणे हे आता नातवंडांचे काम आहे.