पुन्हा त्याच जागी

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की बाळे, केगाव, कोंडी मागे टाकून चिंचोळी एमआयडीसी येते. तालुका मोहोळ, पण बोलताना सगळे सोलापूरचीच एमआयडीसी म्हणतात. मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’चे कारखाने इथं आहेत, रसायनांचे आणि कापडाचेही आहेत. पण कुठल्याही औद्योगिक वसाहतीत मोठ्या फाटकांच्या आसपास छोट्या शेडही असतात. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर आणि जॉबवर्कवर चाललेला संसार. इथं सांगायचं आहे ते अशा शेडमध्ये बनू शकणाऱ्या एका यंत्राबद्दल: छोट्या लेथवर स्वतःहून टूल बदलणारा, घरीच केलेला टूल चेंजर.

गरज साधी आहे. यंत्रमागाला लागणारा एखादा बुश घ्या. तोंड साफ करायचं, बाहेरून टर्निंग, आतून बोअरिंग, शेवटी पार्टिंग टूलनं तोडायचा. चार कामं, चार टूल. एक टूल बदलायला पंधरा सेकंद धरा. एका बुशला एक मिनिट झालं. तीनशे बुशांची ऑर्डर असेल तर निव्वळ टूल बदलण्यात पाच तास गेले. या पाच तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही, फक्त तो लेथवर नव्हता. १८७७ मध्ये इथं पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी उभी राहिली आणि हातमागामागून यंत्रमागाचा खडखडाट गावाच्या अंगवळणी पडला. चौकड्याचं कापड विणताना रंग बदलायचा तर धोटा बदलावा लागतो. त्यासाठी रॉबर्ट के यानं १७६० च्या सुमारास इंग्लंडात ड्रॉप बॉक्स काढला: एकावर एक धोट्यांचे कप्पे, पाहिजे तो कप्पा वर किंवा खाली येऊन बरोबर फणीच्या वाटेसमोर थांबतो. थोडा वर-खाली राहिला तर धोटा उडतो, सूत तुटतं, आणि मग माग नीट करणाऱ्या जॉबरच्या नावानं हाक ऐकू येते. साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये माग चालू असतानाच धोटा बदलणारं यंत्र पुरं केलं. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं एक लाख पौंडांना घेतले. टूल चेंजर या घराण्यातलाच म्हणायला हवा. लेथवाले मात्र आपली वंशावळ वेगळी सांगतात. अमेरिकेत १८४५ मध्ये स्टीफन फिच यानं आठ टूलचा टरेट लेथला बसवला, तिथून आपल्याकडच्या कॅपस्टन लेथपर्यंत आणि कॅमवर चालणाऱ्या ट्रॉब लेथपर्यंत. ट्रॉब अजूनही अनेक शेडमध्ये इमानानं पिना पाडत असतो. त्याची अडचण एकच, जॉब बदलला की कॅम बदला.

टूल चेंजर करायचा म्हटलं की नवखा माणूस आधी मोटर शोधतो. चांगली स्टेपर मोटर घेऊ, तिला बरोबर नव्वद अंश फिरवू, झालं काम. इथंच गाडी अडते. बोअरिंग बारचं टोक टूल पोस्टच्या मध्यापासून ६० मिमीवर आहे असं धरा. पोस्ट अंशाच्या दहाव्या भागानं जरी चुकीचं थांबलं तरी टोक ०.१ मिमी सरकतं. बोअरिंग बार जॉबच्या अक्षाला समांतर असतो, त्यामुळे ही सरक थेट त्रिज्येत जाते आणि व्यासात दुप्पट होते: ०.२ मिमी. असा बुश बेअरिंगवर बसत नाही, भंगारात बसतो. टर्निंग टूल आडवं असल्यानं तेवढीच चूक त्याच्याकडे लांबीत जाते आणि बऱ्याचदा खपून जाते. म्हणून टर्निंग करून पाहिलं आणि पोस्ट पास केलं, असं करू नये.

मोटरचं काम फक्त फिरवण्याचं. नेमकं थांबवायचं काम पोलादाचं. बाजारात मिळणाऱ्या चार टूलच्या इलेक्ट्रिक पोस्टमध्ये हेच तत्त्व आहे. मोटर वर्म गिअरमधून एक स्क्रू फिरवते, त्यानं वरचा भाग थोडा उचलला जातो, दातांची पकड सुटते आणि पोस्ट फिरू लागतं. हॉल सेन्सर सांगतो की तीन नंबर आला. मोटर थांबते आणि उलटी फिरते. एक खटका अडकतो, पोस्टला मागे जाता येत नाही, मग तोच स्क्रू त्याला खाली ओढून दातांत घट्ट बसवतो. सेन्सरनं फक्त ‘कोणता’ एवढंच सांगायचं असतं. ‘नेमका कुठे’ हे दात ठरवतात. उलटी फिरवण्याची वेळ मात्र मोजून द्यावी लागते. मोटर आवळून उभी राहिली आणि वीज चालूच राहिली तर जळक्या वार्निशचा वास येतोच.

असे दात शेडमध्ये घासणं अवघड. महागड्या टरेटमध्ये हिर्थ कपलिंग असतं. त्याचे दात ग्राइंड करायला खास मशीन लागतं. घरी करणाऱ्याची युक्ती मला त्याहून देखणी वाटते. बेअरिंगमधल्या गोळ्या आणि रोलर अगदी थोडक्या पैशात मिळतात आणि त्यांचा आकार मायक्रॉनच्या हिशेबात नेटका असतो. वरच्या प्लेटला एकशेवीस अंशांवर तीन गोळ्या बसवायच्या. खालच्या प्लेटवर रोलरच्या बारा जोड्या, तीस-तीस अंशांवर. दोन रोलरच्या मधल्या खाचेत एक गोळी बसते, दोन ठिकाणी टेकते. तीन गोळ्या, सहा टेकू. कुठलीही वस्तू हलू शकते त्या सहाच तऱ्हा, तेव्हा सहा टेकूंत ती पुरती बांधली जाते. बाराच का? चार टूलला नव्वद अंश म्हणजे तीन खाचा, सहा टूलला साठ अंश म्हणजे दोन खाचा. दोन्ही हिशेब त्याच प्लेटवर बसतात.

आणि गंमत अशी की या बारा खाचा अगदी अचूक तीस अंशांवर नसल्या तरी चालतं. दोन नंबरचं टूल थोडं तिरकं बसलं तर ते दर वेळी तेवढंच तिरकं बसतं, आणि तेवढी दुरुस्ती कंट्रोलरमध्ये त्या टूलच्या ऑफसेटमध्ये एकदा भरून टाकता येते. फॅनुक कंट्रोलरच्या पद्धतीत टी ०३०३ मधला पहिला तीन टूलचा, दुसरा तीन त्याच्या ऑफसेटचा, तो याचसाठी. न चालणारी गोष्ट म्हणजे आज एकीकडे आणि उद्या दुसरीकडे.

ती होते बहुतेक बुराद्यामुळे. खाचेत बारीकशी चीप अडकली की प्लेट कलते. म्हणून वरच्या प्लेटला खाली येणारी पाळ हवी, आणि पोस्ट उचललं जाताना आतून हवेचा झोत. कॉम्प्रेसर असेल तर उचलायला हवेचा सिलिंडर आणि आवळायला डिस्क स्प्रिंगची चळत ठेवावी. स्प्रिंगनं आवळलेलं पोस्ट वीज गेली तरी आवळलेलंच राहतं. आपल्याकडे हा मुद्दा पुस्तकी नाही. स्प्रिंगचा जोर पार्टिंग टूल डोळ्यासमोर ठेवून धरावा. सगळ्यात जास्त हिसका त्याचा.

कंट्रोलरची बाजू लवकर उरकते. लिनक्ससीएनसी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असलं काम सांभाळतं. दोनच गोष्टींवर हट्ट धरावा. सॅडल सुरक्षित जागी मागे गेल्याशिवाय पोस्ट फिरू नये, नाहीतर बोअरिंग बार चकवर आदळेल. आणि ‘आवळलं’ असा वेगळा सेन्सर हो म्हणेपर्यंत टूल जॉबकडे जाऊ नये. ठरावीक वेळ थांबून ‘आवळलं असेल’ असं धरणारा प्रोग्राम वायर वाचवतो आणि कधीतरी इन्सर्ट फोडतो.

परीक्षा डायल गेजवर. बोअरिंग बारच्या टोकाशी गेज लावायचा, पोस्ट पुरा फेरा फिरवून त्याच टूलवर आणायचं, वाचन लिहायचं. मशीन थंड असताना, मग दिवसभर चालून तापल्यावर. काटा पाच मायक्रॉनच्या आत परत येत असेल तर छोट्या लेथसाठी उत्तम. कारण मग उरलेली चूक लेथच्या स्लाइडमधल्या प्लेची असते आणि तिला पोस्ट काही करू शकत नाही.

एक गोष्ट मात्र हत्यारं काढण्याआधी पाहावी. जॉब लहान असेल आणि तीन-चार टूलमध्ये भागत असेल तर क्रॉस स्लाइडवर टूल ओळीनं पक्की लावता येतात. याला गँग टूलिंग म्हणतात. त्यात काही फिरत नाही, काही आवळत नाही, आणि टूल बदलायला स्लाइड सरकण्याइतकाच वेळ. चकमध्ये मोठा जॉब आला की शेजारची टूल आड येतात, तिथं गँग हरतं. पिना आणि छोटे बुश पाडणाऱ्या शेडनं आधी गँग लावून पाहावं. टूल चेंजर करायचा तो जॉबचा व्यास स्लाइडच्या लांबीत मावेनासा झाल्यावर.