कोरलई: किल्ल्याखालची बोली

रेवदंड्याहून मुरूडकडे निघालं की कुंडलिका खाडीवर साळावचा पूल लागतो. पूल ओलांडून उजवीकडे वळलं की थोड्याच अंतरावर डोंगराची एक चिंचोळी सोंड थेट समुद्रात घुसलेली दिसते. तीन बाजूंना पाणी, माथ्यावर कोरलईचा किल्ला, खाली दीपगृह आणि सोंडेच्या मुळाशी कोरलई गाव. लोक येतात ते किल्ल्यासाठी. गावातून गाड्या दीपगृहाकडे निघून जातात आणि इथली खरी दौलत मागे राहते.

आधी किल्ल्याचं सांगतो. पलीकडे चौलजवळच्या रेवदंड्याला पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने बस्तान बसवलं. पण खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा हा डोंगर निजामशाहीकडेच होता आणि तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती चौल बंदर. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो लढून घेतला. माथ्यावर चालताना एकामागून एक आडव्या तटबंदीतले दरवाजे लागतात. एक दरवाजा पडला तरी पुढच्यावर लढता यावं, ही त्यामागची योजना. वर पाण्याचं टाकं आहे, तोफा आहेत आणि छप्पर गेलेलं चर्च आहे. १७३९ मध्ये वसई पडली, १७४० मध्ये चौल-कोरलई मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज निघून गेले.

त्यांच्या पदरी राहिलेली ख्रिस्ती माणसं मात्र कुठे जाणार? चौलची स्थानिक ख्रिस्ती कुटुंबं खाडी ओलांडून कोरलईत स्थिरावली, शेती करू लागली. त्यांची बोली त्यांच्यासोबत आली. पोर्तुगीज शब्दांपासून घडलेली ही बोली ते ‘नो लिंग’ म्हणतात, आज ती सुमारे ८०० ते १००० माणसांच्या तोंडी आहे. वसई-साष्टीकडच्या अशा बोली विरून गेल्या, ही टिकली. एका बाजूला खाडी आणि भोवती वेगळ्या धर्माजातींची वस्ती. सोयरीक आपसातच, त्यामुळे घरात आणि शेतात तीच बोली चालत राहिली.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती तिची घडण. पोर्तुगिजात क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतं, कोरलईत ते वाक्याच्या शेवटी येतं, आपल्या मराठीसारखं. पोर्तुगीज माणूस आधी घर म्हणतो, मग ते कुणाचं ते सांगतो. इथला माणूस आधी मालकाचं नाव घेतो, त्याला ‘सु’ जोडतो आणि मग घर म्हणतो. पावणेतीनशेहून अधिक वर्षांच्या शेजारात मराठीने या बोलीचा सांगाडाच आपल्यासारखा करून घेतला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. मराठीच्या अभ्यासकांनाही आपल्या भाषेची ताकद पाहायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आता पूल आहे, शाळा मराठी आहे, प्रार्थना मराठीत होतात, नोकऱ्या मुंबईत आहेत. पोरांनी मराठी शिकू नये असं कोण म्हणेल? पण ज्या म्हाताऱ्यांना जुनी गाणी आणि शेतीचे शब्द येतात, त्यांचा आवाज आत्ताच नोंदवून ठेवायला हवा. जनगणना दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांचा आकडा स्वतंत्र छापत नाही. तेव्हा हे काम सरकारी तक्त्यांतून होणार नाही. ते अलिबाग-मुरूडच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावं. एक चांगला ध्वनिमुद्रक आणि गावातलीच दोन शिकलेली पोरं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.